नवी गाडी घाटात दम सोडते, जॉबकार्डावर मात्र 'जनरल चेकअप'

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण सगळं एकदाच सांगते.

गेल्या दसऱ्याला आम्ही नाशिकला नवी गाडी घेतली. टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, बिल १३ लाख ४० हजारांचं. बाबांना दर महिन्याला ठाण्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. त्यांना मागे पाय मोकळे सोडून बसता यावं म्हणून जुनी छोटी गाडी काढली आणि ही घेतली. कर्ज सात वर्षांचं आहे.

नोव्हेंबरात ठाण्याहून परतताना कसारा घाटाच्या निम्म्या चढावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी गाडी ओढेना. तिसरा, दुसरा, शेवटी पहिला गिअर टाकला. काटा वीसच्या वर सरकेना. मागे कंटेनर, त्याचा हॉर्न थांबेना. मागच्या सीटवर बाबा छातीवर हात ठेवून गप्प बसलेले. कशीबशी कडेला घेतली, बंद केली. पाच मिनिटांनी परत चालू केली तर दिवा गायब आणि गाडी अगदी व्यवस्थित. तेव्हापासून आजवर हे सात वेळा झालंय. दरवेळी चढावर, दरवेळी गाडी माणसांनी भरलेली असताना. सपाट रस्त्यावर एकदाही नाही.

वर्कशॉपच्या पाच फेऱ्या झाल्या. काल रात्री पाचही जॉबकार्डं, म्हणजे आपली तक्रार आणि केलेलं काम लिहिलेले वर्कशॉपचे कागद, जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. पहिल्या वेळी मी काउंटरवर सांगितलं होतं, 'घाटात चढावर गाडी अचानक ताकद सोडते, पिवळा दिवा लागतो, वीसच्या वर जात नाही.' कार्डावर लिहिलंय 'पिकअप कमी, जनरल चेकअप'. दुसऱ्यावर 'फ्री सर्व्हिस' एवढंच, तक्रारीचा उल्लेखच नाही. तिसऱ्यावर 'सॉफ्टवेअर अपडेट केले'. चौथ्यावर 'ट्रायल घेतली, दोष आढळला नाही'. ही ट्रायल वर्कशॉपच्या मागच्या सपाट रस्त्यावर झाली, गाडीचं रीडिंग अवघं दोन किलोमीटरने पुढे गेलं होतं. पाचव्यावर 'ग्राहकास ड्रायव्हिंगविषयी समजावले'. आणि पाचही कार्डांवर 'काम समाधानकारक' या छापील ओळीखाली माझी सही आहे.

मी एकोणीस वर्षं गाडी चालवतेय, त्यातली निम्मी याच घाटातून. ते पाचवं कार्ड वाचून रडू आलं.

अशी गाडी कंपनीला परत देता येते का? बदलून मिळते का? तक्रार कुठे करायची? आणि या सह्यांमुळे माझी बाजू गेली का?

स्पॅनर१०

ताई, आधी जिवाचं. दुरुस्ती होईपर्यंत बाबांना या गाडीतून घाटात नेऊ नका. भाड्याची गाडी करा आणि तिची पावती जपून ठेवा.

तुम्ही सांगताय त्याला 'लिंप मोड' म्हणतात. एखाद्या सेन्सरकडून विचित्र आकडा आला की इंजिनाचा कॉम्प्युटर टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, दाब कापतो, म्हणजे इंजिन वाचतं आणि गाडी रांगत का होईना वर्कशॉपपर्यंत जाते. बंद करून चालू केली की बऱ्याचदा सगळं पूर्ववत होतं. पण लक्षात घ्या, दिवा विझला म्हणून नोंद पुसली जात नाही. कॉम्प्युटरमध्ये दोषाचा कोड राहतो, आणि त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे, भार, तापमान असं सगळं गोठवून ठेवलेलं असतं. त्याला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. बरेच दिवस दोष परत आला नाही तर मात्र कोड आपोआप पुसला जातो, शिवाय वर्कशॉपवाले स्कॅनर लावून स्वतःही पुसतात.

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो, मोबाईलवर वाचता येतो. पुढच्या वेळी दिवा लागला की कडेला थांबून आधी तो कोड वाचा, स्क्रीनचा फोटो घ्या. मग डॅशबोर्डचा घ्या, त्यात दिवा आणि किलोमीटर दोन्ही दिसले पाहिजेत. स्वतःहून कोड पुसू मात्र नका.

अजून एक. बाहेरून हॉर्न, फॉग लाइट, सीटकव्हरचं वायरिंग असं काही करून घेतलंय का? असेल तर कंपनी पहिलं बोट तिकडे दाखवेल.

गोदाकाठ

नाही, बाहेरचं काहीही बसवलेलं नाही. मॅट आणि कव्हरसुद्धा शोरूमचीच. स्कॅनर आजच मागवते.

जुना_काउंटरवाला

मी सहा वर्षं एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. आता त्या धंद्यात नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आमच्याकडे सकाळी नऊ ते अकरात तीस-तीस गाड्या यायच्या. एका गाडीला पाच-सात मिनिटं. गिऱ्हाईक बोलत असतं आणि आम्ही यादीतला एक ठरीव शब्द निवडतो. 'पिकअप कमी', 'आवाज येतो', 'जनरल चेकअप'. पण घाई हे निम्मंच कारण. एकच तक्रार पुन्हा आली की ती 'रिपीट जॉब' म्हणून कंपनीला दिसायची आणि वर्कशॉपचे गुण कमी व्हायचे. त्यामुळे दुसऱ्या वेळी तीच तक्रार वेगळ्या शब्दांत लिहा, नाहीतर सर्व्हिसमध्ये मिसळून टाका, असं आम्हाला तोंडी सांगितलेलं असायचं. मीही ते केलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

त्याचा परिणाम असा की सात वेळा घाटात ताकद सोडलेली गाडी कागदावर वेगवेगळ्या किरकोळ तक्रारींची गाडी होते. पुढे कोर्टात कंपनीचा वकील हीच कार्डं काढून म्हणतो, 'बघा, एकच दोष वारंवार आलाच नाही.'

म्हणून काउंटरवर घाई करू नका. तक्रार घरूनच कागदावर लिहून न्या. जॉबकार्ड उघडल्यावर स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा, आपले शब्द आलेत का ते वाचा आणि मगच सही करा. 'सिस्टिममध्ये एवढं बसत नाही' असं उत्तर मिळेल. ते खोटं आहे. शेऱ्याचा रकाना असतो, त्यात चार ओळी सहज मावतात. तरी नकार मिळाला तर तुमच्या कागदाच्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घ्या. गाडी नेताना 'समाधानकारक'च्या वर हाताने लिहा, 'तक्रार कायम आहे'. सही तुमची आहे, वर काय लिहायचं तेही तुम्हीच ठरवायचं.

निशिगंध

वरचा प्रतिसाद प्रत्येक गाडीवाल्याने वाचावा असा आहे. आणि ताई, आता समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झालाय. इगतपुरीला बोगद्यातून थेट खाली भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत जाता येतं. तोवर तिकडून गेलात तर कसारा घाट टळेल.

गोदाकाठ

निशिगंध, सूचनेबद्दल मनापासून आभार, बाबांसाठी तसंच करू. पण चौदा लाखांच्या घरात पैसे मोजून घेतलेल्या गाडीला घाट टाळून चालवायचं, हे मला मान्य नाही.

सांगलीकर_वकील

ग्राहक आयोगात गेली बरीच वर्षं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सह्यांचं आधी. त्या सह्यांनी तुमचा हक्क गेलेला नाही. गाडी ताब्यात घ्यायची तर छापील ओळीखाली सही करावीच लागते हे आयोगाला माहीत असतं. अकरा महिन्यांत पाच वेळा गाडी वर्कशॉपला गेली हेच मुळात तुमच्या बाजूचं आहे. फक्त इथून पुढचा प्रत्येक कागद घट्ट करा.

आता गाडी बदलून मिळते का. कायद्यात मिळते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३९ खाली आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, किंमत व्याजासह परत करायला लावू शकतो, शिवाय भरपाई. पण प्रत्यक्षात गाडी बदलण्याचा आदेश सहज होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलून देण्याचं नाही, असं म्हटलं. तक्रार क्लचची होती, ग्राहकाला भरपाई मिळाली, नवी गाडी नाही. कंपन्यांचे वकील आजही हा निकाल सर्वांत आधी पुढे करतात.

दुसरी बाजूही आहे. २०२२ साली ह्युंदाईच्या क्रेटाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. २०१५ मध्ये घेतलेली गाडी, २०१७ मध्ये समोरून अपघात, एअरबॅग उघडल्याच नाहीत. तिथे गाडी बदलून देण्याचा आणि एकूण तीन लाख भरपाईचा आदेश कायम राहिला. एअरबॅग कुठल्या वेगाला किती जोराने उघडते याचं गणित ग्राहकाने मांडावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्याचा आशय. जिवाशी गाठ असलेला दोष आणि रेडिओ खरखरणं यांना आयोग एका तागडीत घालत नाही. भर घाटात गाडीची ताकद जाणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे, तक्रारीत तसाच मांडा.

दोष सिद्ध कसा करायचा? कलम ३८ खाली आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. गाड्यांच्या बाबतीत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक, मोटार वाहन निरीक्षक अशा तज्ज्ञांकडून अहवाल मागवला जातो. त्यासाठी अर्ज तुम्हालाच करावा लागतो, शुल्कही आधी तुम्हालाच भरावं लागेल. हा अर्ज न केल्यामुळे चांगल्या केसेस पडलेल्या मी पाहिल्या आहेत. 'गाडी खराब आहे' असं शपथपत्रात दहा वेळा लिहिण्यापेक्षा एक तपासणी अहवाल मोलाचा.

कुठे दाखल करायची? मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात. जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे तुमच्यासाठी नाशिकच. बिलावर 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी घाबरू नका, ग्राहक आयोगाचा मार्ग त्याने बंद होत नाही. तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, तेव्हा 'पुढच्या सर्व्हिसला बघू' करत बसू नका.

डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांना लेखी म्हणणं द्यावं लागतं, आयोग फार तर १५ दिवस वाढवून देतो. ४५ दिवसांच्या पुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलंय. ४६ व्या दिवशी म्हणणं आलं तर लगेच हरकत घ्या.

आधी एक कायदेशीर नोटीस पाठवा, १५ दिवस द्या. त्याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवा. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती आदेश देत नाही. पण डीलरच्या वर, थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयात तक्रार पोचते, आणि पुष्कळदा तिथेच हालचाल सुरू होते.

आणि हप्ते थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे, गाडी खराब निघाली म्हणून तो थांबत नाही.

मांडवीतीर

वकीलसाहेबांनी दोघांनाही पक्ष करा म्हटलं, त्याला आमच्या गोव्याचं एक प्रकरण जोडतो. इथल्या एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे भरले. हातात आली ती २००९ ची गाडी, ६०० किलोमीटरहून जास्त चाललेली, खाली गंज धरलेली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय आयोग या खालच्या तिन्ही पायऱ्यांवर टाटा मोटर्स आणि डीलर दोघांनाही जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीविरुद्धचा आदेश रद्द केला. डीलरने केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती, तिचा त्यात हात होता, हे सिद्ध व्हायला हवं होतं.

म्हणजे गाडी जुनी निघणं, ओरखडे, गंज ही डीलरची बाजू. घडणीतला दोष ही कंपनीची. तक्रारीत कोणी काय केलं हे वेगवेगळं लिहायला हवं.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी: पैसे पूर्ण भरण्याआधी यार्डात जाऊन उजेडात गाडी बघा. चॅसिस नंबर कागदाशी ताडून बघा. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. आमच्याकडे पावसाळ्यात खुल्या यार्डात महिनोन् महिने गाड्या उभ्या असतात, त्यामुळे मी तर वाकून खालून टॉर्च मारतो. नोंदणी झाल्यावर डीलरला परत करणं फार अवघड होतं.

एडिसनवासी

न्यू जर्सीत असते. इथे 'लेमन लॉ' आहे. पहिली दोन वर्षं किंवा २४,००० मैल, यांपैकी जे आधी होईल त्या मुदतीत एकच दोष तीन वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण वीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर तो मोठा दोष मानला जातो. मग कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवून एक शेवटची संधी द्यायची. तरी झालं नाही तर गाडी परत, पैसे परत, वापराचे थोडे कापून.

माझ्या भावाला पुण्यात असाच त्रास झाला तेव्हा मला फरक जाणवला. इथे तीन हा आकडा कायद्यातच लिहिलाय, त्यामुळे वाद फक्त 'तीन वेळा गेली का' एवढाच उरतो. भारतात असा आकडाच नाही. किती फेऱ्या म्हणजे पुरे, हे प्रत्येक ग्राहकाने नव्याने पटवून द्यायचं. पण इथेही सगळं त्या दुरुस्तीच्या पावतीवरच ठरतं. पावतीवर तोच दोष तीन वेळा लिहिलेला नसेल तर इथेही हात रिकामे.

सांगलीकर_वकील

अगदी बरोबर. आपल्याकडे तो आकडा असावा असं माझंही ठाम मत आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं, त्याखाली सरकार कंपनीला एखाद्या मॉडेलच्या सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. पण तो मार्ग एकाच मॉडेलच्या पुष्कळ गाड्यांत दोष निघाला तर. एकट्या गाडीसाठी ग्राहक आयोगच.

वऱ्हाडी_काका

पोरी, खरं ते सांगतो, राग मानू नको. मी या वाटेने गेलो आहे. कायद्यात लिहिलंय की तपासणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल. माझ्या गाडीच्या केसला चार वर्षं लागली. तारखेला गेलो की कधी सदस्य नाहीत, कधी समोरच्या वकिलाचा अर्ज. शेवटी दुरुस्ती, ७५ हजार भरपाई आणि १० हजार खर्च एवढं मिळालं. गाडी तोवर मी विकून टाकली होती, आणि तीही चूकच. गाडीच नाही म्हटल्यावर तपासायचं काय?

मोठ्या माणसांचंही तेच. हैदराबादच्या एका कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये बीएमडब्ल्यू घेतली, चार दिवसांत दोष निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख द्यायचा आदेश दिला तो जुलै २०२४ मध्ये.

लढू नको असं म्हणत नाही. मी लढलो त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण तयारी चार वर्षांची ठेव, आणि मध्येच नीट तोडगा निघाला तर त्याचा विचार कर.

घाटवाट_टुरिस्ट

माझी पिवळ्या पाटीची गाडी आहे, पाचगणी-महाबळेश्वर भाडं मारतो. नवी घेतली आणि सहा महिन्यांत स्टिअरिंगचा त्रास सुरू झाला. डीलर म्हणतो तुम्ही व्यावसायिक, तुम्हाला ग्राहक कोर्ट नाही. खरं आहे का?

सांगलीकर_वकील

गाडी एकच आहे, स्वतः चालवता आणि त्यावरच घर चालतं, तर तुम्ही ग्राहक आहात. कायद्याने व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वगळलेली नाही. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात हे लिहा आणि लायसन्स, बॅज, परमिट जोडा. दहा गाड्या आणि पगारी चालक असते तर गोष्ट वेगळी होती. आणि स्टिअरिंगचा त्रास असताना प्रवासी बसवू नका.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसंच केलं.

बाबांना घरी ठेवून मी आणि भाऊ दोघंच मुद्दाम घाटात गेलो. डिकीत तांदळाची दोन पोती टाकली. दुसऱ्या चढाला दिवा लागला. कडेला थांबून स्कॅनरवर वाचलं: पी ०२३७. वेग ३१, दुसरा गिअर, इंजिनावरचा भार ९० टक्क्यांच्या वर. सगळ्याचे फोटो काढले. घरी येऊन स्पॅनर१० यांना विचारलं, तर तो टर्बोचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा कोड निघाला.

मग नोटीस गेली, डीलरला आणि कंपनीला, स्पीड पोस्टाने पोचपावतीसकट, शिवाय ईमेल. १९१५ वरही नोंदवलं. आठव्या दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला. इतके महिने मी वर्कशॉपला फोन करत होते, तिकडून फोन यायची ही पहिलीच वेळ.

सहाव्यांदा गाडी दिली तेव्हा काउंटरवर तेच वाक्य ऐकलं, 'मॅडम, सिस्टिममध्ये एवढं बसत नाही.' मी म्हटलं, 'शेऱ्याचा रकाना उघडा.' उघडला. माझं वाक्य जसंच्या तसं त्यात बसलं. त्या मुलाने टाइप करताना ते मोठ्याने वाचलं, आणि शेजारच्या काउंटरवरचे एक गृहस्थ म्हणाले, 'माझंही तसंच लिहा.'

घाटात एकत्र ट्रायल घ्यायची अट घातली होती. कंपनीचे इंजिनिअर लॅपटॉप लावून पुढे बसले, मी चालवली. पहिल्या चढाला काही नाही. दुसऱ्याला पिवळा दिवा. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला: सेन्सरचा आकडा सरळ शून्याला आला होता. बॉनेट उघडल्यावर सापडलं ते असं. सेन्सरकडे जाणारी वायरची जुडी कारखान्यातच जरा आखूड ओढून बसवली गेली होती आणि एका पट्टीच्या कडेला घासत होती. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या जागी थोडं कलतं, वायर ताणली जाते आणि तुटक्या तारा सुटतात. सपाटीला परत टेकतात. बोटभर लांबीत वायरचं आवरण सोलून निघालेलं, आत तांब्याच्या दोन-तीन तारा शिल्लक. त्या जागेचा फोटो घेतलाय.

स्पॅनर१०

जुनी जुडी सोडू नका, किमान तिचे मोजपट्टीसह फोटो आणि पार्ट नंबर घ्या. वॉरंटीतला जुना भाग कंपनी परत मागते, त्यामुळे हातात मिळेलच असं नाही. नवी जुडी कुठल्या मार्गाने नेली आणि पट्टीपासून अंतर किती ठेवलं, हे जॉबकार्डवर लिहून घ्या. नुसता भाग बदलून तसाच ताणून बसवला तर वर्षभरात परत तेच.

गोदाकाठ

फोटो घेतले. अंतरही लिहून घेतलं.

आता त्यांनी एक कागद पुढे केलाय. जुडी आणि इंजिनाचं माउंटिंग फुकट बदलणार, दोन वर्षं वाढीव वॉरंटी फुकट. त्या बदल्यात 'माझी यापुढे कोणतीही तक्रार नाही व कोणताही दावा राहणार नाही' असं लिहून द्यायचं. दुरुस्ती तर वॉरंटीत व्हायलाच हवी होती ना?

सांगलीकर_वकील

तेच. वॉरंटीतली दुरुस्ती हा तुमचा हक्क आहे, तो सौदा म्हणून विकत घ्यायची गरज नाही. दुरुस्ती करून घ्या, त्या कागदावर सही करू नका. ईमेलने कळवा की दुरुस्ती हक्क राखून स्वीकारत आहे, ती टिकते का ते पाहून आणि भाड्याच्या गाड्यांचा खर्च, कामावरच्या सुट्ट्या, झालेला मनस्ताप यांच्या भरपाईचं बोलून मगच तडजोडीचा विचार करीन. तुमची दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे. वाढीव वॉरंटी देणार असतील तर ती कंपनीच्या लेटरहेडवर, चॅसिस नंबरसह लेखी घ्या.

वऱ्हाडी_काका

चांगलं केलंस पोरी. तो कारखान्यात वायर आखूड बसल्याचा उल्लेख इंजिनिअरच्या सहीने कार्डवर आलाय का तेवढं बघ. माझ्या वेळी सगळे तोंडाने कबूल होते.

गोदाकाठ

आलाय काका. मी दीड तास काउंटरवर बसून राहिले, पण आला. सहाव्या कार्डवर आता असं आहे:

'घाटात चढावर गाडी अचानक ताकद सोडते, पिवळा दिवा लागतो, वीसच्या वर जात नाही (ग्राहकाचे शब्द). ग्राहकासोबत कसारा घाटात ट्रायल घेतली, दोष दिसला. कोड पी ०२३७. सेन्सरची वायर जुडी मूळ जोडणीत ताणलेली, पट्टीस घासून तुटलेली. जुडी व माउंटिंग बदलले.' खाली इंजिनिअरची सही, वर्कशॉपचा शिक्का.

'काम समाधानकारक'च्या वर मी हाताने लिहिलं: 'गाडी ताब्यात घेतली. दुरुस्ती टिकते की नाही ते घाटात चार फेऱ्या झाल्यावर लेखी कळवीन.' मॅनेजरांनी दोनदा वाचलं आणि त्यावरही शिक्का मारून दिला. तडजोडीच्या कागदावर सही केलेली नाही. खर्चाच्या पावत्या लावून भरपाईचं पत्र काल पाठवलंय.

दोन फेऱ्या झाल्या आहेत. पहिल्या फेरीला मी आणि भाऊ होतो, डिकीत तीच पोती. काल बाबा बरोबर होते. वर इगतपुरीला चहाला थांबले आणि मागे वळून बघितलं तर त्यांना झोप लागली होती.